टस्कीगीच्या वाटेवरून घरापर्यंत

मराठी वाचकाची अमेरिकेतल्या अलाबामा राज्याशी ओळख झालेली असते ती बहुधा एका पुस्तकातून. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले आणि तेव्हापासून भुईमूग, रताळी आणि टस्कीगी हे शब्द आपल्याकडे जोडीनेच आठवतात. कापसाने निकस झालेली जमीन, दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणारा कर्जबाजारी कृष्णवर्णीय शेतकरी आणि त्याच्या दारापर्यंत शेतीचे शास्त्र घेऊन जाणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. १९०६ साली कार्व्हर यांच्या आराखड्यानुसार बांधलेली, जनावरे जोडलेली एक गाडी टस्कीगीहून निघाली. न्यू यॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी तिला पैसे दिले म्हणून ती 'जेसप वॅगन'. तिच्यात नांगर होता, बियाणे होते, लोणी काढायचे आणि दुधाचा कस तपासायचे साहित्य होते. त्याच वर्षी टॉमस कॅम्बेल या तरुणाची तिच्यावर नेमणूक झाली. जो शेतकरी संस्थेच्या पायरीशी येऊ शकत नाही, त्याच्या अंगणात संस्थाच न्यायची, असा तो साधा हिशेब होता.

गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच आग्नेय अमेरिकेत दुसरेच काही सामान लोकांच्या दारात पोचू लागले आहे. पावले मोजणारे छोटे यंत्र, वेगवेगळ्या ताणाचे रबरी पट्टे, चित्रांसह एक पुस्तिका, नोंदी ठेवायची वही. शिवाय ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर बोलणारा एक प्रशिक्षक. हे सामान ज्यांच्याकडे येते त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. ते कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्यापैकी बरेच जण मोठ्या शहरांपासून दूर राहतात. आठवड्यातून दोन दिवस चालायचे, दोन दिवस पट्टे ओढायचे, असे साधारण चार महिने. व्यायाम म्हणून यात चकित होण्यासारखे काहीच नाही. आपल्याकडच्या कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे असे पट्टे दिसतील. माझे कुतूहल वेगळे होते. या रोगाला नाव मिळून दीडशे वर्षे झाली. मग एवढी साधी गोष्ट या घरांपर्यंत यायला इतका उशीर का लागला? शोधू लागलो तेव्हा वाट पुन्हा पुन्हा टस्कीगीवरून जाऊ लागली. ती तशी जाईल अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती.

०००

आधी रोगाविषयी थोडे. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली त्याचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा त्या वेष्टणावरच उलटते. मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी चट्टे पडतात. कुणाची दृष्टी अधू होते, कुणाच्या पायातली ताकद जाते, तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. कोणत्याही कष्टाशी प्रमाण न जुळणारा थकवा तर बहुतेकांच्या वाट्याला येतो. रोग साधारण विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना बराच जास्त होतो. म्हणजे नोकरी, बाळंतपणे आणि संसार ऐन भरात असतानाच.

विसाव्या शतकाचा बराच काळ हा उत्तर युरोपीय वंशाच्या गोऱ्या लोकांचा रोग मानला जाई. या समजुतीला आकड्यांचे बळ दिले ते माजी सैनिकांच्या अभ्यासाने. जॉन कर्ट्झके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियन युद्धातल्या ५,३०५ रुग्ण सैनिकांच्या सरकारी नोंदी तपासल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की कृष्णवर्णीय पुरुषांना या रोगाचा धोका गोऱ्या पुरुषांच्या निम्माच असतो. काम अतिशय काटेकोर होते आणि रोगाच्या भूगोलाविषयी आजही त्याचा आधार घेतला जातो. पण त्या नोंदी तयार कशा झाल्या, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे. रोगाचे निदान होऊन तो लष्करी सेवेशी संबंधित असल्याचे सरकारने मान्य केले, की सैनिकाचे नाव त्या फायलीत जाई. म्हणजे आधी मज्जाविकारांचा जाणकार डॉक्टर भेटायला हवा, त्याने रोग ओळखायला हवा आणि मग कार्यालयाने दावा मान्य करायला हवा. दुसरे महायुद्ध लढलेले अमेरिकी सैन्य वर्णानुसार विभागलेले होते. दक्षिणेतली रुग्णालयेही तशीच होती. कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी १९२३ साली सरकारने पहिले खास रुग्णालय उघडले, तेही टस्कीगीतच. तिथे कृष्णवर्णीय डॉक्टर-परिचारिका नेमू नयेत म्हणून त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅनने गावात मोर्चा काढला होता. कर्ट्झके यांना दिसलेला निम्मेपणा सगळाच खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्यातला काही भाग रोगाचा असेल, काही निदानाचा. दोन्ही आता वेगळे करता येणे अवघड आहे. पण 'त्यांना हा रोग कमी होतो' हे वाक्य एकदा वैद्यकाच्या वर्गात शिरले, की पाय लटपटणाऱ्या कृष्णवर्णीय बाईकडे पाहताना डॉक्टरच्या मनात हा रोग शेवटी येणार. मग निदान उशिरा होणार, नोंद कमी राहणार आणि पुढच्या पिढीला वर्गात तेच वाक्य ऐकायला मिळणार.

हे चक्र आकड्यांनीच सुरू केले होते आणि ते थांबवलेही आकड्यांनीच. आखाती युद्धाच्या काळातल्या सैनिकांचा अभ्यास २०१२ साली आला. पद्धत बरीचशी तीच, पिढी मात्र वेगळी. यात कृष्णवर्णीयांमध्ये नव्या रुग्णांचे वार्षिक प्रमाण लाखामागे १२.१ निघाले आणि गोऱ्यांमध्ये ९.३. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातले सगळे लोक एकाच विमायोजनेखाली होते आणि एकाच यंत्रणेत उपचार घेत होते, म्हणून मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरपर्यंत पोचण्यातला फरक इथे पुष्कळसा पुसला गेला होता. तिथे कृष्णवर्णीयांमध्ये प्रमाण लाखामागे १०.२ होते आणि गोऱ्यांमध्ये ६.९. ही वाढ मुख्यतः स्त्रियांमुळे होती. या दोन अभ्यासांवरून सगळा देशच उलटा फिरला असे मात्र समजू नये. २०२३ सालच्या देशव्यापी अंदाजात एकूण रुग्णसंख्या गोऱ्यांमध्ये लाखामागे सुमारे ३७५ आणि कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे २९८ आली. पण 'निम्मा धोका' आणि 'गोऱ्यांचा रोग' ही भाषा आता टिकत नाही, एवढे नक्की.

त्याआधीच, २००४ साली, ब्रूस क्री आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती. रोग सुरू झाल्यापासून हातात काठी यायला किती वर्षे लागतात? गोऱ्या रुग्णांना सरासरी २२ वर्षे, कृष्णवर्णीयांना १६. या सहा वर्षांत किती रक्तगुणांचे आणि किती परिस्थितीचे, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत. वयाच्या तिशीत आजारी पडलेल्या बाईच्या बाजूने पाहिले तर वाद कसाही सुटो. काठी पन्नाशीनंतर येणार की पंचेचाळिशीच्या आसपास, एवढाच तिचा प्रश्न आहे. आणि काठीमागून कधी कधी चाकांची खुर्ची येते.

०००

व्यायामाने ही काठी लांबवता येईल का, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला. त्याचे कारण एका अचूक निरीक्षणात आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथोफ यांनी १८९० साली लिहून ठेवले, की या रोगाच्या काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर अंधुक होते. खरे कारण पुढे कळले. श्रमाने शरीर तापते, आणि वेष्टण गेलेल्या तंतूतून तापलेल्या शरीरात संदेश नीट जात नाहीत. तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही पुरतो. शरीर निवले की नजर परत येते, इजा काही होत नाही. एमआरआय यायच्या आधी डॉक्टर रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहत आणि त्यावरून निदान करत. पण निरीक्षणातून निघालेला व्यवहारी सल्ला उलटाच ठरला. श्रमाने त्रास वाढतो, म्हणून श्रम टाळा, शक्ती जपून वापरा. कित्येक दशके रुग्णांना हेच सांगितले गेले.

विश्रांतीचा सल्ला ऐकायला दयाळू असतो. पण जी हलत नाही तिचे स्नायू झिजतात, वजन आणि रक्तदाब वाढतो, चालणे आणखी अवघड होते, आणि हे सगळे रोगाच्याच खात्यावर मांडले जाते. आग्नेय अमेरिकेत पक्षाघात, रक्तदाब आणि मधुमेह आधीच देशातल्या इतर भागांपेक्षा जास्त, आणि कृष्णवर्णीयांमध्ये तर अधिकच. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या किंवा कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात दिवसभर उभे राहणाऱ्या बाईला ही विश्रांती कामाच्या वेळी परवडणारी नव्हतीच. नोकरी सुटल्यावर मात्र ती सक्तीने मिळणार होती.

हा सल्ला ढासळायला सुरुवात झाली ती १९९६ साली, युटा विद्यापीठात. जॅक पेटाजन यांच्या गटाने ५४ रुग्णांचे दोन भाग केले आणि एका भागाकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातांनी आणि पायांनी चालवायच्या सायकलीवर व्यायाम करून घेतला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता २२ टक्क्यांनी वाढली. थकवा आणि नैराश्य यांतही काही काळ सुधारणा दिसली. पुढे अशा चाचण्यांची रांग लागली. २०१४ साली २६ चाचण्यांमधल्या सुमारे १,३०० लोकांचा एकत्रित हिशेब झाला. रोग नव्याने उसळण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांमध्ये ४.६ टक्के आणि न करणाऱ्यांमध्ये ६.३ टक्के निघाले. पडणे, दुखणे अशा किरकोळ घटना व्यायाम करणाऱ्यांमध्ये थोड्या अधिक होत्या, २ टक्के विरुद्ध १.२, हेही सांगायला हवे. ऊथोफच्या निरीक्षणातून उभे राहिलेले भय मात्र संपले. दरम्यान २०१३ साली कॅनडातल्या अभ्यासकांनी या रुग्णांसाठी किमान मात्रा ठरवून दिली होती. आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम दमवणारा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना ताकद देणारा.

आता यात कृष्णवर्णीय किती होते? २०१५ साली ओमर खान आणि सहकाऱ्यांनी या रोगावरच्या सगळ्या प्रसिद्ध संशोधनाचा धांडोळा घेतला. सुमारे ६०,००० लेखांमध्ये कृष्णवर्णीयांवर केंद्रित असलेले लेख ११३ निघाले. व्यायामावरचे नव्हे, या रोगाच्या कोणत्याही अंगावरचे मिळून.

०००

एवढ्या कमी संख्येचे एक ठरलेले स्पष्टीकरण अमेरिकेत दिले जाते, आणि तिथे आपण पुन्हा टस्कीगीत येतो. टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे, तिथे १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. सहाशे कृष्णवर्णीय पुरुष निवडले, त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. चाळिशीच्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही तो दिला नाही. उपचाराविना रोग शरीरात कसकसा पसरतो, हे शेवटपर्यंत पाहायचे होते. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने आतून हरकती घेतल्या, त्यांचा उपयोग झाला नाही, आणि अखेर जुलै १९७२ मध्ये जीन हेलर या पत्रकार महिलेच्या बातमीने हा प्रकार उघड झाला. चाळीस वर्षे झाली होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १६ मे १९९७ रोजी.

ही कहाणी आपल्याकडेही अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यातले दोन तपशील मात्र माझ्या विषयाशी थेट भिडतात.

पहिला तपशील सुईचा. अभ्यासाच्या सुरुवातीलाच त्या पुरुषांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायचे होते. ही वेदनादायक तपासणी आहे असे सांगितले असते तर कुणी आले नसते. म्हणून त्यांना पत्रे गेली, की खास मोफत उपचाराची ही संधी आहे, ती दवडू नका. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानासाठी आजही अनेकदा हीच तपासणी करावी लागते. मेकन परगण्यात वाढलेल्या कुणाला डॉक्टरने 'पाठीतून थोडे पाणी काढू' म्हटले, तर तिच्या आजोबांच्या पिढीतली आठवण त्या खोलीत हजर असणारच. तिला भित्री किंवा अडाणी म्हणण्याचा अधिकार निदान आरोग्यखात्याला तरी नाही.

दुसरा तपशील मला अधिक अस्वस्थ करतो. जेसप वॅगन पुढे मोटारगाडी झाली. १९२३ साली शेतकऱ्यांनी आणि हितचिंतकांनी वर्गणी काढून घेतलेल्या गाडीला 'बुकर टी. वॉशिंग्टन चाकांवरची कृषिशाळा' असे नाव मिळाले. लोक तिला फिरती शाळा म्हणत. १९२० पासून तिच्यावर शेतीतज्ज्ञ आणि गृहशिक्षिका यांच्याबरोबर एक परिचारिकाही असे. पहिली परिचारिका उवा हेस्टर. ही मंडळी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उतरत आणि शेजारपाजारचे लोक तिथे जमत. अंगणात कुंपण दुरुस्त करण्यापासून बाळाला अंघोळ घालण्यापर्यंत सगळे करून दाखवले जाई. टस्कीगीतून १९२२ साली परिचारिका होऊन बाहेर पडलेली यूनिस रिव्हर्स ही तरुणी दुसऱ्याच वर्षी या गाडीवर रुजू झाली. परगण्याच्या कच्च्या रस्त्यांवर ती लोकांना ओळखू लागली, लोक तिला ओळखू लागले. आणि १९३२ साली उपदंशाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्या पुरुषांना गोळा करायला, आपल्या गाडीतून तपासणीला न्यायला आणि परत घरी सोडायला हीच रिव्हर्स नेमली गेली. डॉक्टर बदलत राहिले, ती राहिली.

म्हणजे एकच वाट, त्याच घरांकडे जाणारी, आणि त्या वाटेवर तीच बाई. ज्या विश्वासावर फिरती शाळा चालली, तोच विश्वास अभ्यासाने वापरला. रिव्हर्सला खलनायिका ठरवावे की स्वतःही त्याच व्यवस्थेत अडकलेली कर्मचारी, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि मी त्यात भर घालत नाही. मला एवढेच दिसते, की दारापर्यंत येणे ही गोष्ट आपोआप चांगली नसते. कोण येतो, काय सांगतो आणि काय लपवतो, यावर सगळे ठरते. आज व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षक येतो तेव्हा तोही याच वाटेने येत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आणि तरीही 'टस्कीगीमुळे कृष्णवर्णीय लोक संशोधनात येत नाहीत' हे ठरलेले स्पष्टीकरण मला पुरे वाटत नाही. ते फार सोयीचे आहे. त्यात दोष भूतकाळाचा आणि रुग्णाच्या मनाचा. वर्तमानातल्या संस्थेला काहीच करावे लागत नाही. ज्या रोगाविषयी 'हा तुम्हाला होत नाही' असे गृहीत होते, त्या रोगाच्या संशोधनात या लोकांना बोलावले किती आणि कुठे? सेल्मासारख्या गावातून बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ-रुग्णालयात जायचे तर एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. ज्या बाईला दृष्टिदोष आहे, पाय भरवशाचे नाहीत आणि घरातली एकुलती मोटार नवऱ्याबरोबर कामावर गेली आहे, ती आठवड्यातून तीनदा सायकल चालवायला तिथे जाणार नाही. यात अविश्वासाचा भाग कमी आणि रस्त्याचा जास्त. २०१० नंतर देशभरात शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालयांतले दाखल रुग्णांचे उपचार बंद झाले आहेत. गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याचा २०१० च्या कायद्याने देऊ केलेला विस्तार अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी स्वीकारलेला नाही.

०००

या पार्श्वभूमीवर तो रबरी पट्टा पाहावा.

घरच्या घरी करायच्या या कार्यक्रमाची मुख्य घडण रॉबर्ट मॉटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. ते आधी इलिनॉय विद्यापीठात होते, मग काही वर्षे बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात. कॅनडाच्या शिफारशीतली मात्रा घ्यायची आणि ती व्यायामशाळेशिवाय देता येईल अशी बांधायची. सायकलीऐवजी चालणे, वजनांऐवजी पट्टे. पट्टा खुर्चीत बसूनही ओढता येतो, पडायची भीती नाही. ताण वाढवायचा तर पुढचा पट्टा घ्यायचा. आठवडे जातील तशी पावले आणि आवर्तने थोडी थोडी वाढवायची. प्रशिक्षक सुरुवातीला वारंवार आणि नंतर अंतराअंतराने बोलतो. त्याचे काम व्यायाम शिकवण्यापेक्षा अडचणी सोडवण्याचे जास्त. उन्हाळ्यात अलाबामात दुपारी बाहेर चालणे म्हणजे ऊथोफच्या रुग्णांचा अनुभव स्वतः घेणे. मग पहाटे चालायचे की घरात पंख्याखाली फेऱ्या मारायच्या? रस्त्याला पदपथ नाही, मग कुठे चालायचे? थकव्याच्या दिवशी सोडून द्यायचे की अर्धे करायचे? 'हे मला जमेल' ही भावना लहान लहान यशांतून वाढते, हा अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धान्त या बोलण्याच्या मुळाशी आहे. फिरती शाळा अंगणात कुंपण दुरुस्त करून दाखवत असे, तेव्हा तिला या सिद्धान्ताची गरज भासली नव्हती.

पण हा कार्यक्रम पहिल्यांदा तयार झाला तोही प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांवरच. डॉमिनिक किनेट-हॉपकिन्स आणि मॉटल यांनी त्याचे कृष्णवर्णीयांसाठी वेगळे रूप केले आणि त्याची पहिली चाचपणी २०१८ साली प्रसिद्ध केली. त्यांनी केलेली एक गोष्ट मला इतिहासाच्या दृष्टीने मोठी वाटते: साहित्य आधी कृष्णवर्णीय रुग्णांसमोर ठेवले आणि त्यांनी सांगितले तसे बदलले. पुस्तिकेतल्या फोटोत आपल्यासारखी माणसे नाहीत, हे वरवर किरकोळ वाटेल. 'गोऱ्यांचा रोग' हे वाक्य ज्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना ते किरकोळ वाटणार नाही. त्यानंतर आग्नेय अमेरिकेतल्या, चालायला त्रास होणाऱ्या कृष्णवर्णीय रुग्णांसाठी 'टीम्स' या उच्चाराचा एक प्रकल्प आखला गेला. त्याच उच्चाराचा, थोड्या वेगळ्या स्पेलिंगचा दुसरा प्रकल्प जेम्स रिमर यांनी अलाबामा, मिसिसिपी आणि टेनेसी या तीन राज्यांत चालवला. आठशेहून अधिक रुग्ण, योगासने, पिलाटीस आणि एकाच वेळी दोन कामे करण्याचा सराव. १२ आठवड्यांत वीस सत्रे, काहींना दवाखान्यात आणि काहींना घरी टॅबलेटवर. दोन प्रकल्पांची नावे इतकी सारखी का ठेवली, हे मला न उलगडलेले कोडे आहे. संदर्भ शोधताना त्याने माझा बराच वेळ खाल्ला.

घरचा व्यायाम हा दवाखान्यातल्या व्यायामाचा स्वस्त, दुय्यम पर्याय आहे का? अनेक शहरांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांची चालण्याची गती मोजली गेली. घरी दुरून मार्गदर्शन मिळालेले रुग्ण केंद्रात येऊन व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी पडले नाहीत. हे उत्तर महत्त्वाचे आहे, कारण गरिबाच्या दारात जे नेले जाते ते उरलेसुरले असते, असा अमेरिकेच्या दक्षिणेतला जुना अनुभव आहे. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालये बांधायला पैसे दिले, तेव्हा 'वेगळी पण समान' सोय चालेल अशी मुभा त्यात ठेवली होती. ती न्यायालयात टिकली नाही, पण त्यासाठी १९६३ साल उजाडले.

माझी शंका वेगळी आहे. जेसप वॅगन देणगीवर सुरू झाली, पण १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवणे हे सरकारी, पगारी, कायमचे काम झाले. त्या पैशात कृष्णवर्णीयांच्या संस्थांना वाटा फार थोडा मिळाला, हे खरेच. तरी कॅम्बेल यांची नोकरी एखाद्या प्रयोगाच्या मुदतीवर अवलंबून राहिली नाही. घरच्या व्यायामाचा प्रशिक्षक अजून बहुतांशी संशोधनाच्या अनुदानावर जगतो. ठरलेले आठवडे संपतात. पट्टे आणि वही घरात राहतात, कॉल थांबतो. या रोगाने काम सुटलेल्या अनेकांना अपंगत्वाच्या आधारे मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो. फिजिओथेरपिस्टने दुरून, पडद्यावरून दिलेल्या उपचाराचे पैसे द्यायला मेडिकेअरने २०२० च्या साथीत परवानगी दिली, पण तात्पुरती. तेव्हापासून अमेरिकी काँग्रेस तिला कधी काही महिन्यांची, कधी वर्ष-दोन वर्षांची मुदतवाढ देत आली आहे.